विळीची जागा

विळी जागेवर नव्हती. धोंडिराम पहिल्या पाळीवरून आला होता, हातपाय धुऊन चुलीपुढं बसला होता, दुरडीतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून झाली होती, आणि कांदा कापायला म्हणून त्यानं न बघताच पाट्याच्या मागं हात घातला तर हाताला नुसती भिंत लागली. खरं म्हणजे कांदा कापून खायची त्याला सवयच नव्हती. कांदा पाट्यावर ठेवायचा, वरून एक बुक्की घालायची, टरफल झटकायचं आणि खायचा, हे त्याच्या बापापासून चालत आलेलं. पण गेल्या चार दिवसांत तो सगळंच हळू करायला लागला होता. त्याच्या आणि शेजारच्या गिरिजाबाईच्या खोलीत भिंत अशी नव्हतीच, एक पत्रा होता, आणि परवा त्याच्या हातून तांब्या निसटला तेव्हा पलीकडं गिरिजाबाईचं दळण थांबलं होतं. तांब्या गडगडत जाऊन मोरीशी थांबला तरी दळण थांबलेलंच. कुणीतरी पत्र्याला कान लावून उभं राहिल्यासारखी ती शांतता होती. तेव्हापासून तो कडक भाकरीसुद्धा पाण्यात भिजवून खात होता, मोडताना कडाड वाजू नये म्हणून. घरच्या माणसानं आपल्याच घरात चोरासारखं जेवायचं, याचं त्याला हसू यायला पाहिजे होतं, पण आलं नाही.

कांदा मुकाट्यानं कापावा म्हणून विळी हवी होती, आणि विळीच नव्हती. तो उठला. जात्याच्या मागं बघितलं, खाटेखाली बघितलं, मोरीत बघितलं. त्याची बायको मनकर्णा विड्यांची टोपली घेऊन कारखान्यात गेली होती, तिला यायला अजून वेळ होता. तिचं सूप खिळ्याला अडकवलेलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं होती, तंबाखूची डबी होती, पानं कापायचा पत्र्याचा नमुना होता. कात्री नव्हती. विड्या द्यायला जाताना ती कात्री कधी नेत नसे, तिथं कात्रीचं काय काम. धोंडिराम सुपाकडं बघत राहिला. त्याच्या सकाळच्या दाढीचं पातं कोनाड्यात ठेवलेलं असायचं, तिकडं त्यानं बघायचं टाळलं, आणि टाळता टाळता बघितलंच. कोनाड्यात आरसा होता, साबणाचा तुकडा होता, ब्रश होता. ट्रंकेवर ओलं लुगडं पसरलेलं होतं, त्याचं पाणी खाली ठिबकत होतं. वाळत घालायलासुद्धा तिला वेळ झाला नाही का, असा एक उगाच विचार येऊन गेला. मग त्यानं शोधायचं सोडून दिलं. सापडली असती तरी तिचं काय करायचं होतं. विळी हरवलेली नव्हती, ठेवलेली होती, आणि ती कुणापासून ठेवलेली होती हे समजायला फार अक्कल लागत नव्हती. तो परत चुलीपुढं येऊन बसला आणि कांदा हातात धरून राहिला.

चार दिवसांपूर्वी सोमलिंगनं सोलापूरजवळच्या कुंभारी गावात चार माणसं मारली. सोमलिंग त्यांच्याच मिलमधला, कापड विणायच्या साचेखात्यातला, धोंडिरामच्या साच्यांपासून दोन ओळी पलीकडचा. बायको वर्षभर माहेरी जाऊन बसली होती, येत नव्हती, म्हणून हा कुंभारीला गेला आणि सासरा, दोन मेव्हणे आणि ती, असे चौघे त्यानं दिवसाउजेडी कोयत्यानं तोडले. बातमी मिलमध्ये पाळी बदलताना आली आणि तिच्याबरोबर तिचं उत्तरही आलं. डोकं फिरलं. वेड लागलं. माणूस असं कसं करील, वेड लागल्याशिवाय? जो तो हेच म्हणत होता आणि म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा मोकळा होत होता, हे धोंडिरामनं बघितलं होतं. वेड लागलं म्हटलं की प्रश्न मिटला, घरोघरी निवांत जेवायला मोकळे. पण सोमलिंगनं आठवडाभर आधीच रीतसर रजा टाकली होती. आपल्या साच्यांवर बदली कोण येणार हे टाइमकीपरला विचारून घेतलं होतं. त्या दिवशी सकाळी दाढी केली, सात रस्त्याच्या चौकात उभं राहून जिलबी खाल्ली, आणि कुंभारीची बस धरली. पोलिसांनी धरल्यावर तो म्हणाला म्हणे, चपला तेवढ्या घेऊ द्या. वेडात माणसाला चपला आठवत नाहीत. धोंडिरामला आठवल्या नव्हत्या. तो ज्या दिवशी गेला होता त्या दिवशी अनवाणी गेला होता, आणि पायाला खडी टोचत होती हेसुद्धा त्याला दुसऱ्या दिवशी रक्त बघून कळलं होतं.

आणि सोमलिंग काय बोलत नव्हता थोडाच. वर्षभर बोलत होता. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालतात, धोटा इकडून तिकडं आपटत असतो, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळं तिथं सगळे ओठांनी बोलतात. आवाज न काढता, ओठ मोठे करून, हाताच्या खुणा जोडून. नवा माणूस महिन्या-दोन महिन्यांत शिकतो, आणि मग चार ओळी पलीकडच्या माणसाची भाजी आज कशाची हेसुद्धा त्याला साच्यावरून कळतं. सोमलिंग असाच ओठांनी सांगायचा. आली न्हाई तर एकेकाला बघतो. बापाला आधी. मग भावांना. मग तिला. बोटं मोडून सांगायचा. सगळ्या खात्यानं ते वाचलं होतं, वाचून हसले होते, एकानं तर मिशीवर हात फिरवून मर्द हाय म्हणून खूण केली होती. धोंडिरामनंही वाचलं होतं आणि मान खाली घालून तुटलेला दोरा जोडत राहिला होता. तेव्हा कुणी म्हटलं नाही की याचं डोकं तपासा. बायको परत आणायची भाषा ती, शहाण्यासुरत्या नवऱ्याची भाषा, तिला वेड कोण म्हणणार.

आज सकाळी झालं ते या ओठांनीच झालं. त्यांच्या ओळींवर देखरेख करणारा बसप्पा जॉबर माणूस वाईट नव्हता. दुष्काळाच्या सालात धोंडिरामला पुण्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा खात्यात फक्त त्यालाच माहीत होतं, आणि त्यानं पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगून त्याचे साचे राखले होते. तीन वर्षं त्यानं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. आज तो ओळीच्या टोकाला आला, काळजीनं उभा राहिला, धोंडिरामनं वर बघितलं तशी त्यानं भुवई उडवली आणि आवाज न करता विचारलं, डोक्याच्या गोळ्या घेतोस न्हवं रोज? पुण्याच्या डॉक्टरनी दिलेल्या? बंद केल्या न्हाईस न्हवं? त्याला वाटलं आपण गुपचूप विचारतोय. बाहेरच्या जगात आवाज काढला नाही की गुपचूप होतं, आणि बसप्पाला तीस वर्षं साच्यात काढूनही काळजीच्या भरात तेवढं सुचलं नाही. कानात येऊन ओरडला असता तर कुणाला कळलं नसतं. धोंडिराम मान हलवणार तेवढ्यात त्याला डाव्या बाजूचा माणूस आपल्याकडं बघताना दिसला. मग उजव्या बाजूचा. मग त्या पलीकडच्या ओळीतला, ज्याचा धोटा अडकला होता आणि तरी तो साचा थांबवत नव्हता. साचे चालूच होते, आवाज तेवढाच होता, पण वाऱ्यानं जोंधळ्याचं पीक एका बाजूला कलावं तशी सगळी तोंडं एकेक करून वळली आणि वळून परत कापडाकडं गेली. मग ओठ हलायला लागले. धोंडिरामनं ते वाचायचं नाही असं ठरवलं, पण डोळे मिटून विणता येत नाही.

सुटताना गेटाशी बसप्पानं त्याला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा पडला होता. "अय्यो धोंडिराम, माझीच चूक झाली बघ. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

"असू द्या," धोंडिराम म्हणाला.

"असू द्या काय. बाकीचे म्हणायलेत आमच्या शेजारी नको. कात्र्या असतात, लोखंड असतंय, असं म्हणायलेत. तू आठ दिवस रजा टाक. डॉक्टरचा दाखला आण, डोकं ठीक हाय म्हणून. मग मी बघतो की."

"सोमलिंगजवळ दाखला हुता का?"

बसप्पानं सुटणाऱ्या माणसांकडं बघितलं. मग म्हणाला, "तसं नको बोलू बाबा. तू असा बोललास की ते आणखी भितेत." आणि त्यानं धोंडिरामच्या खांद्यावर ठेवायला उचललेला हात मध्येच कुठंतरी नेऊन आपली टोपी सारखी केली. तो हात खांद्यापर्यंत आला नाही एवढंच धोंडिराम घरापर्यंत घेऊन आला.

वाटेत सात रस्त्याला तो चहाला थांबला होता. थांबायला नको होतं. पण रोज थांबतो, आज थांबला नाही तर लोक म्हणतील थांबला नाही, असं त्याच्या मनात आलं आणि ते आल्याबरोबर त्याला भीती वाटली, कारण हे असंच सुरू होतं. त्या वर्षी असंच सुरू झालं होतं, लोक काय म्हणतील, मग लोक काय म्हणतायत, मग साचे काय म्हणतायत. शिवयोगी कंपाउंडर बाकावर पेपर उघडून बसला होता. एका डॉक्टरकडं तो औषधाच्या बाटल्या भरायचा आणि अर्धा डॉक्टर स्वतःच होता. तो म्हणाला, "हे बघा, यात त्या माणसाचा दोष नाही, आणि आहेही. मेंटल केस आहे. असे लोक समाजात मोकळे फिरतात हाच मुळात दोष. सरकारनं एकेकाला हुडकून आत टाकायला पाहिजे, काहीतरी करण्याआधी." दुसरा एकजण म्हणाला, पण तो तर रोज कामाला जात होता की. शिवयोगीनं चष्म्यावरून बघितलं. "तेच तर. ओळखू येत नाहीत. तुमच्या-माझ्यासारखेच दिसतात." साचेखात्यातले दोघं तिथंच उभे होते, त्यांनी धोंडिरामकडं बघितलं आणि कपबश्या घेऊन हॉटेलच्या दुसऱ्या टोकाला गेले. धोंडिरामनं टॉवेल तोंडावर घेतला. धूळ होती म्हणून घेतल्यासारखा घेतला, पण खरं म्हणजे त्याचे ओठ हलत होते. सगळ्या साचेवाल्यांचे हलतात, रस्त्यानं जाताना, जेवताना, मनातलं ओठांवर येतं, आवाज येत नाही. आजवर त्यात कुणाला काही दिसलं नव्हतं. आज दिसलं असतं. तो टॉवेलाच्या आत शिवयोगीला उत्तर देत राहिला आणि ते कुणालाच वाचता आलं नाही.

तो म्हणत होता, मी बघितलेत की ओळखू न येणारे. दुधनीच्या अलीकडं त्याचं गाव होतं. गावाबाहेरच्या त्यांच्या वस्तीनं धर्म बदलला त्याच्या दुसऱ्या वर्षी मेलेलं ढोर ओढायला नाही म्हटलं, आणि गावानं वस्ती जाळली. रागाच्या भरात जाळली असं पुढं सगळे म्हणाले. भर दुपारी, जेवणं झाल्यावर. धोंडिराम तेव्हा विशीतला होता, ओढ्याच्या पलीकडं करंजीच्या आड बसून त्यानं बघितलं. त्यांनी आधी वस्तीजवळच्या आपल्या कडब्याच्या गंजी लांब हलवल्या. वारा कुणीकडचा आहे ते एकानं चिमूटभर माती उडवून बघितलं. एका खोपटातली शेळी त्यांच्यातल्याच एकाची होती, अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर राखायला दिलेली, ती त्यानं दावं सोडून बाहेर काढली, बांधाला बांधली, आणि मग त्याच खोपटाला काडी लावली. आत धोंडिरामची आजी होती. शेळी बाहेर काढणाऱ्याला ती दिसली नसेल असं नाही, एवढंसं खोपट ते. त्या पाच-पन्नास माणसांतल्या एकालाही कुणी वेडा म्हणालं नाही. कोर्टात नाही, पेपरात नाही, गावात तर नाहीच. ते भडकले होते, त्यांचा तोल गेला होता, त्यांना कुणीतरी फितवलं होतं. पुढच्या सुगीला ते सगळे आपापल्या रानात काम करत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम घालत होते. वेडा झाला तो धोंडिराम, तेही पंधरा वर्षांनी, आणि त्यानं कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते काय खोटं नाही.

पण हे झालं बाहेरच्यांशी भांडण. खोलीत, कांदा हातात घेऊन बसल्यावर, ते भांडण पुरेना. कारण विळी बाहेरच्यांनी नेली नव्हती. त्याला वाटलं, मनकर्णाला काय दिसलं असेल? तिला काहीतरी दिसलं असणार. बायका आधी ओळखतात. काल तो झोपेत ओरडला का? तिच्याकडं बघताना त्याची नजर कशी होती? कोनाड्यातला आरसा त्यानं घेतला आणि आपले डोळे बघितले. डोळे थकलेले होते, एवढंच कळलं. शिवयोगी म्हणाला तुमच्या-माझ्यासारखेच दिसतात. मग आरशात काय दिसणार. पुण्याला शॉक दिले होते, दात धरायला रबर दिलं होतं, उठल्यावर काही वेळ आपलं नावसुद्धा परक्याचं वाटायचं. शॉकनं जे गेलं ते काय होतं आणि जे राहिलं ते काय आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. राहिलेल्यात काही असलं तर? सोमलिंगच्या आत होतं ते सगळ्यांच्या आत थोडं थोडं असतं असं धरलं, तर आपल्या आत ते किती? तो हाताकडं बघत बसला. हाताला कापसाची कुसं चिकटली होती. त्यानं मुद्दाम विचार करून बघितला, या हातात विळी आहे, समोर मनकर्णा आहे. विचार पुढं जाईना. समोर मनकर्णा आली की ती बसून पानं कापायला लागायची, मान खाली, तोंडात तंबाखूची चिमूट, आणि त्याचं सगळं पुढचं थांबायचं. मग त्याला वाटलं, विचार पुढं जात नाही हे बरं, पण आपण तो करून बघितला हे कशाचं लक्षण? शहाणा माणूस असा विचार करून बघतो का?  पलीकडं गिरिजाबाईनं काहीतरी खाली ठेवलं, अगदी हळू. तीही हळू करायला लागली होती.

पुण्याच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक माणूस होता, बार्शीकडचा. तो जेवणाचं ताट आलं की आधी आपल्या हातानं मुंग्यांना बाजूला करायचा, एखादी चेंगरली की दिवसभर रडायचा. सगळ्यांना त्याची भीती वाटायची कारण तो मोठ्यानं रडायचा. पलीकडचा एकजण खिडकीकडं बघायचाच नाही, बाहेरचे लोक आपल्याला मारायला उभे आहेत म्हणायचा, आणि सगळे हसायचे. धोंडिराम हसायचा नाही. त्याला ओढ्यापलीकडची करंजी आठवायची. त्या वॉर्डात जेवढी माणसं होती ती सगळी स्वतःच घाबरलेली होती. त्यांच्यातला एकही सात रस्त्याला उभा राहून जिलबी खाणारा नव्हता. हे त्याला पक्कं माहीत होतं, पण एका माणसाला पक्कं माहीत असून काय होतं, तेही त्याला, ज्याच्या माहितीला दाखला लागतो.

मनकर्णा आली तेव्हा बाहेर ऊन उतरलं होतं. तिनं टोपली ठेवली, पदरानं तोंड पुसलं, त्याच्याकडं बघितलं, भिजवलेल्या भाकरीकडं बघितलं, हातातल्या कांद्याकडं बघितलं. मग तिची नजर पाट्याच्या मागं गेली आणि परत आली.

"विळी कुटं हाय?" त्यानं विचारलं. आवाज आपल्याला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. पत्र्यापलीकडं काहीतरी थांबलं.

मनकर्णानं बोट ओठांवर ठेवलं आणि पत्र्याकडं दाखवलं. मग ती त्याच्यासमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि आवाज न काढता बोलायला लागली. ही भाषा ती त्या वर्षी शिकली होती. पुण्याहून आल्यावर त्याला कुठलाच आवाज सोसत नव्हता, भांडं वाजलं तरी तो कान धरून बसायचा, तेव्हा तिनं दोन महिने घरात शब्द काढला नव्हता. साच्यावर न उभी राहता साच्यातली भाषा येणारी सोलापुरात ती एकटीच बाई असेल.

ज्वारीच्या डब्यात, तिचे ओठ म्हणाले. खाली. कात्री माज्याजवळ हाय.

मला भितीस व्हय? त्यानं विचारलं. विचारताना त्याचे ओठ नीट मोठे झाले नाहीत, पण तिनं वाचलं.

तिनं त्याच्या हातातला कांदा घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाली, व्हय. भिते.

त्याला वाटलं, झालं. एवढंच ऐकायचं राहिलं होतं. त्यानं मान वळवली. वळवली की वाचता येत नाही, बोलणं बंद, हे सोपं होतं. पण मनकर्णानं दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि परत आपल्याकडं केला, आणि ओठ इतके मोठे केले की तिच्या हिरड्यांवरची तंबाखू दिसली.

तुमी कुणाला मारताय म्हणून न्हाय. तुमच्या हातानं कोंबडी कापवत न्हाय, मला ठावं न्हाय व्हय? सोमलिंगचं ऐकलं तवाच मी वळखलं, आता समदी वेड्यांना नावं ठेवणार, आन तुमी ते मुकाट ऐकून घेणार, आन मग सोताला खाणार. मागल्या बारीला तुमी रेल्वेच्या पटरीकडं गेला हुतासा, तवा कुणाला मारायला गेला हुतासा? त्या आधी चार दिस मी विळी, कात्री समदं लपवलं हुतं. पर तुमी अनवाणीच गेलासा. तवा मला कळलं, लपवून काय हुतंय. तरी बी लपवलं. दुसरं काय करू मी?

धोंडिराम तिच्या ओठांकडं बघत राहिला. मग त्याची नजर तिच्या खांद्यावरून ट्रंकेकडं गेली. लुगडं अजून ओलंच होतं. त्यानं वर बघितलं. दोन खिळ्यांच्या मध्ये वाळणाची दोरी असायची, ती नव्हती. विळी, कात्री, पातं या सगळ्यांचा अर्थ त्यानं दुपारभर बसून एकाच बाजूनं लावला होता, आणि समोरची दोरी नाही हे त्याला दिसलंच नव्हतं. दुसऱ्याला मारील म्हणून कुणी दोरी लपवत नाही, स्वतःला काही करून घेईल म्हणून लपवतात. त्याला एकदम एवढं हलकं वाटलं आणि एवढं वाईट वाटलं की दोन्ही एकदमच, कुठलं आधी ते कळेना. चार दिवस ही बाई रोज कामाला जाताना घरातली सगळी धार लपवून, नाही तर बरोबर घेऊन जात होती आणि येताना रोज दारातून आधी त्याच्याकडं बघत होती. तिला त्याच्यापासून भीती नव्हती. तिला त्याच्यासाठी भीती होती, त्याच्याच हातून त्याला होणाऱ्या इजेची, आणि ही भीती सात रस्त्याच्या पेपरात कुठंच छापलेली नव्हती.

मग त्यानं तिला सगळं सांगितलं. बसप्पाचं, ओठांचं, वळलेल्या तोंडांचं, दाखल्याचं, खांद्यापर्यंत न आलेल्या हाताचं. सांगता सांगता त्याला आढळलं की आपण बऱ्याच दिवसांनी न थांबता बोलतोय. मनकर्णा ऐकत नव्हती, वाचत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू कडक होत गेला.

मग? ती म्हणाली. उद्या जायाचं का न्हाय?

रजा टाक म्हनत्यात.

त्यांनी म्हणू द्या. तुमाला काय वाटतंय?

त्याला काय वाटत होतं ते त्याला दुपारभर माहीत नव्हतं. आता तिच्यासमोर बसल्यावर ते तयारच असल्यासारखं आलं. तो म्हणाला, मी जाणार. भोंगा झाला की जाणार. आणि साच्यावर उभा राहून, सगळे बघत असले की, एकदाच सांगणार. असं म्हणून त्यानं ओठ मोठे केले, साचेखात्यात चार ओळी पलीकडच्याला सांगताना करतात तसे, आणि मनकर्णाला सगळं खातं समजून सांगितलं. मी दोन महिने पुण्याच्या दवाखान्यात हुतो. गोळ्या घेतो. रोज घेतो. मला भीती वाटती तवा मी जॉबरला सांगतो. सोमलिंगनं वर्षभर तुमाला सांगितलं, ते तुमी समद्यांनी वाचलं, मी बी वाचलं. आता माझं बी वाचा. इचारायचं ते मलाच इचारा.

ते थांबले तर, तिनं विचारलं, साचे थांबवून तुमाला बाहेर काडलं तर?

तर बाहेर येईन, तो म्हणाला. पर चपला घालून येईन.

ती हसली नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिनं पुसलंही नाही. थोड्या वेळानं ज्वारीच्या डब्याकडं बघून तिनं भुवई उडवली. काढू विळी?

धोंडिरामनं डब्याकडं बघितलं. उद्या काय होईल ते त्याला माहीत नव्हतं. कदाचित साचे थांबतील, कदाचित बसप्पा मान खाली घालून दाखला मागेल, कदाचित डाव्या बाजूचा माणूस दुसरी ओळ मागून घेईल. संध्याकाळी तो कसा येईल हेही त्याला माहीत नव्हतं, आणि आज पहिल्यांदाच त्यानं ते स्वतःशी कबूल केलं.

"असू दे तितंच," तो म्हणाला. हे तो आवाज काढून म्हणाला. "अजून थोडे दिवस असू दे. दोरी बी."

मनकर्णानं मान हलवली. मग तिनं भिजलेली भाकरी गाईसाठी बाजूला काढली आणि दुरडीतून कोरडी भाकरी घेतली. धोंडिरामनं कांदा पाट्यावर ठेवला. पत्र्याकडं एकदा बघितलं. मूठ उचलली आणि घातली. पाटा हादरला, जर्मनच्या पातेल्याचं झाकण खाली पडून फिरत राहिलं, आणि पलीकडं दळण, पाऊल, श्वास, जे काय चाललं होतं ते सगळं एकदम थांबलं.

झाकण फिरायचं थांबेपर्यंत मनकर्णा थांबली. मग पत्र्याकडं तोंड करून तिनं मोठ्यानं सांगितलं, "कांदा फोडला, गिरिजाबाई."

 धोंडिरामनं अर्धा कांदा तिच्या भाकरीवर ठेवला, अर्धा आपल्या, आणि भाकरी हातात घेऊन कडकन मोडली.